उपासनेत आदरभाव जागवणारी जुनी गीतं: कोणाची, कुठे घ्यावीत, आणि पेटी-तबल्यावर कशी बसवावीत?

बावडा_कॉयर, कोल्हापूर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

त्रैक्य रविवारच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सण) उपासनेची गीतं ठरवायची आहेत. पाळकसाहेबांनी विषय दिलाय, देवाच्या समक्षतेत आदराने उभं राहणं. वाचनं यशया ६, हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायातली शेवटची ओळ आणि प्रकटीकरण ४. त्या दिवशी प्रभुभोजनही आहे.

कॉयरमध्ये चौदा जण, त्यात पुरुष पाचच. वाद्यं म्हणजे पेटी, तबला आणि एक साधा कीबोर्ड. मंडळी दीडशेच्या आसपास, सभागृह पत्र्याच्या छताचं. वेळ झाली तरी मागच्या बाकांवरचं बोलणं थांबत नाही. सुरुवातीलाच ढोलकी-टाळ्यांचं गीत घेतलं की सगळे गातात खरे, पण लगेच पुढे पापांगीकार, म्हणजे आपली पापं कबूल करण्याची प्रार्थना, येतो आणि तिथे मन वळतच नाही. संथ गीत घ्यावं तर ते रेंगाळतं. तिसऱ्या कडव्याला पेटी पुढे, मंडळी मागे, आणि सूर उतरलेला.

'होली, होली, होली' मराठी शब्दांत घ्यायचं नक्की आहे. त्याशिवाय आदर, भय, मौन या विषयावरची कसदार गीतं कोणती, शब्द कोणाचे, चाली कोणाच्या, आणि उपासनाक्रमात कुठलं कुठे शोभतं, हे जाणकारांनी सांगावं. पुस्तिकेत कवी-संगीतकारांची थोडक्यात माहिती छापायची आहे, म्हणून सालं पक्की हवीत. पट्टी, लय आणि ठेका याबद्दल मोकळेपणाने लिहा.

खर्ज_नर_मादी

नक्की झालेलं गीत आधी घेऊ.

शब्द रेजिनाल्ड हेबर (१७८३–१८२६) यांचे. श्रॉपशरमधल्या हॉडनेट गावी पाळक असताना त्यांनी मंडळीच्या वर्षातल्या रविवारांप्रमाणे आणि सणांप्रमाणे गीतं लिहिली, त्यातलं हे नेमकं त्रैक्य रविवारचं. १८२३ मध्ये ते कलकत्त्याचे बिशप झाले आणि ३ एप्रिल १८२६ ला तिरुचिरापल्लीत वारले. त्यांच्या गीतांचा संग्रह त्यांच्या मागे पत्नीने १८२७ मध्ये छापला. चाल जॉन बॅकस डाइक्स (१८२३–१८७६) यांची, १८६१ च्या 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या गीतपुस्तकासाठी केलेली. चालीला नाव दिलं 'नायसिया', ३२५ साली जिथे धर्मसभा भरली त्या गावाचं. प्रकटीकरण ४ तुमच्या वाचनात आहेच. गीतातले वडील (देवाच्या सिंहासनाभोवतीचे वडीलजन), मुकुट आणि काचेसारखा समुद्र तिथूनच आलेत. तेव्हा ते वाचन आधी आणि गीत नंतर ठेवा, म्हणजे शब्द ऐकणाऱ्याला परके वाटणार नाहीत.

आता रेंगाळण्याचं. आदर म्हणजे संथपणा हा समज आधी काढून टाका, बहुतेक कॉयर तिथेच फसतात. 'नायसिया'च्या एका कडव्यात चार-चार मात्रांचे सोळा खंड, म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला ९६ च्या लयीत कडवं ४० सेकंदांत होतं, आणि अर्धी ओळ, आठ मात्रा, पाच सेकंदांत. एवढा दम साध्या माणसाला आरामात पुरतो. लय ६० वर आणलीत की त्याच अर्ध्या ओळीला आठ सेकंद लागतात. मग लोक शब्दाच्या मध्येच श्वास घेतात, परत शिरताना उशिरा शिरतात, आणि दम संपत आल्यावर सूरही खाली येतो. तुमची मागे पडणारी मंडळी आणि उतरणारा सूर, दोन्हीचं मूळ या श्वासात आहे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून ९२ ते १०० मध्ये बसवा.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा मानायचा. इंग्रजी पुस्तकांत हे काळी दोन किंवा पांढरी दोनमध्ये असतं. चालीचा पल्ला मध्य सा ते तार सा. सकाळच्या उपासनेला गळे तापलेले नसतात, तेव्हा पांढरी एक घ्या. त्याखाली जाऊ नका, बायकांचा खालचा सा पोकळ होतो.

सुरुवातीसाठी माझी शिफारस टेरस्टेगन यांच्या गीताची. गेरहार्ट टेरस्टेगन (१६९७–१७६९) हे जर्मनीत म्यूलहाइमला राहणारे, रेशमी फिती विणून पोट भरणारे अविवाहित भक्त. 'गॉट इस्ट गेगेनवेर्टिश', म्हणजे देव इथे उपस्थित आहे, हे गीत १७२९ मधलं. आपल्या विषयावर याच्याइतकं थेट गीत दुसरं नाही: देव मध्ये आहे, आपल्यातलं सगळं गप्प होऊ दे, एवढंच पहिलं कडवं सांगतं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये त्याचं इंग्रजी केलं, पण त्यांनी वृत्त बदललं, त्यामुळे ते शब्द मूळ चालीवर बसत नाहीत. मूळ चालीवर गायचं तर १७८९ चा मोरेव्हियन पंथाचा अनुवाद, फॉस्टर आणि मिलर यांचा, तो घ्या. चाल योआखिम नेआंडर (१६५०–१६८०) यांची, १६८० मधली. (ज्या दरीत आदिमानवाचे अवशेष सापडले ती निअँडरथल दरी, तिला नाव याच नेआंडर यांचं. मुलांना सांगा, कायम लक्षात राहील.)

या चालीत एक अवघड जागा आहे. ओळींची अक्षरं ६.६.८.६.६.८.३.३.६.६ अशी. मधल्या त्या तीन-तीन अक्षरांच्या ओळी छोट्या असल्यामुळे सगळे घाईने पुढच्या ओळीत घुसतात. तिथे प्रत्येक तिसरं अक्षर पूर्ण धरायचं आणि मग श्वास. तालमीत फक्त या दोन ओळी आठ-दहा वेळा घोटून घ्या, बाकीची चाल सोपी आहे.

प्रभुभोजनासाठी 'लेट ऑल मॉर्टल फ्लेश कीप सायलेन्स'. मूळ ग्रीक, संत याकोबाच्या नावाने चालणाऱ्या प्राचीन उपासनाविधीतलं. भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे आणताना ते गायलं जाई. इंग्रजी शब्द जेरार्ड मोल्ट्री (१८२९–१८८५) यांचे, १८६४ चे. चाल 'पिकार्डी', फ्रान्समधली लोकधून. १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल' मध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी ती या शब्दांना जोडली. सुरुवात हबक्कूकच्या तुमच्या ओळीने होते म्हणून पुष्कळ जण ते उपासनेच्या आरंभी घेतात. तसं करू नका. गीत ज्या कृतीसाठी लिहिलं त्या कृतीजवळच त्याला अर्थ येतो: पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या मेजाकडे निघाले की सुरू करा. लय ६० ते ६६. चालीत गंधार, धैवत, निषाद कोमल, आसावरी थाटाजवळ जाते. पण म्हणून मींड आणि हरकती घालायच्या नाहीत, सूर सरळ धरायचे.

ठेका_दादरा, राजारामपुरी

वर शब्द-चालींचं आलंय, मी वाद्यांचं लिहितो.

पेटी: डावा हात भात्यावर असतो, तेव्हा पियानोच्या पुस्तकातली चार सुरांची मांडणी पेटीवर येणार नाही. तो प्रयत्नच नको. उजव्या हाताने चाल आणि जमेल तिथे खाली सा किंवा प, एवढं पुरे. पेटीतल्या सुरांच्या पट्ट्यांपैकी खर्ज (सगळ्यात खालचा) आणि नर (मधला) उघडे ठेवा, मादी (वरचा) बंद. दीडशे लोकांना वरचा कर्कश सूर नको, खाली आधार हवा असतो. सगळ्यात मोठी खोड म्हणजे मात्रेमात्रेला भाता मारणं. प्रत्येक हिसक्याला आवाज फुगतो आणि संथ गीत हिंदकळायला लागतं. भाता लांब आणि सारखा दाबायचा, नवा दाब ओळीच्या शेवटी, जिथे लोक श्वास घेतात तिथे.

गीताआधी अख्खं कडवं वाजवू नका. शेवटची ओळ तेवढी वाजवा, आणि ती नेमकी ज्या लयीत गायची त्याच लयीत. ओळ संपली की एक श्वास, आणि गाणं. वाजवताना ९६ आणि गाताना ८० झालं की मंडळी संपूर्ण गीतभर चाचपडत राहते.

तबला: 'होली, होली, होली', टेरस्टेगन आणि 'पिकार्डी' या तिन्हींना तबला नको. केरव्याची लग्गी, म्हणजे जलद नाचरे बोल, 'नायसिया'वर लावली की गीत नाचायला लागतं. तबलजींना मोकळं बसवायचं नसेल तर फक्त डग्ग्यावर खंडाच्या पहिल्या मात्रेला हलका घुमारा.

तबला शोभेल असं गीत हवं असेल तर रॉबर्ट ग्रँट (१७७९–१८३८) यांचं 'ओ वर्शिप द किंग'. हे आपल्या प्रांताशी जोडलेलं नाव आहे. ग्रँट १८३५ पासून मुंबईचे गव्हर्नर होते, ९ जुलै १८३८ ला पुण्याजवळ दापोडीला त्यांचं निधन झालं. मुंबईतला ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावं त्यांचीच. गीत १८३३ मध्ये छापलं गेलं, आधार स्तोत्र १०४ चा, आणि त्यामागे विल्यम कीथ यांचं १५६१ मधलं त्याच स्तोत्राचं पद्यरूप. चाल 'हॅनोव्हर', १७०८ मधली, विल्यम क्रॉफ्ट (१६७८–१७२७) यांच्या नावावर. हे गीत भव्य आहे, आनंदी आहे, तरी आदर कुठे कमी होत नाही. शेवटी आशीर्वादानंतर बाहेर पडताना घ्या.

तीन-तीन मात्रांचे खंड, म्हणजे दादरा चालतो. पण पहिला शब्द 'ओ' समेवर नाही. तो आधीच्या खंडाच्या तिसऱ्या मात्रेवर उचलतो आणि सम 'वर्शिप'च्या 'वर्'वर येते. तबलजींनी 'ओ'वर 'धा' मारला की सगळं गीत एका मात्रेने सरकतं, आणि मग प्रत्येक ओळीचा शेवट लंगडतो. 'ओ'ला तबला गप्प, 'वर्'ला पहिला 'धा'. पेटीवाल्याने 'एक-दोन' मोजून दाखवावं, तिसऱ्याला सगळ्यांनी गाणं उचलावं. तीच गोष्ट 'इमॉर्टल, इन्व्हिजिबल'ची: शब्द वॉल्टर चामर्स स्मिथ (१८२४–१९०८), १८६७, चाल 'सेंट डेनिओ', वेल्समधली लोकधून, जॉन रॉबर्ट्स यांच्या १८३९ च्या संग्रहातली. तिथेही पहिलं अक्षर समेच्या आधी.

पट्ट्या ठरवताना तबल्याचाही विचार करा. 'हॅनोव्हर' मंद्र पंचमापासून उचलते, तेव्हा सा पांढरी चारला घ्या. पांढरी एकला लावलेला तबला पांढरी चारच्या गीताला पंचमात पडतो, म्हणजे एकाच तबल्यात दोन्ही पट्ट्या निघतात. उपासनेत मध्येच हातोडी ठोकत बसावं लागत नाही. जूनच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ढिली पडते, सूर खाली येतो. लोक यायच्या आधी अर्धा तास लावून कपड्यात गुंडाळून ठेवा, आणि मध्ये वेळ मिळाला तर कानाजवळ नेऊन तपासा.

बावडा_कॉयर

फारच उपयोगी. खर्ज_नर_मादी, श्वासाचं गणित कॉयरला वाचून दाखवलं.

दोन शंका. 'होली' हा शब्द दोन अक्षरांचा आणि 'पवित्र' तीन अक्षरांचा, तो दोन सुरांत कसा बसवायचा? काही जण 'पवित-र' असं तोडतात, ते कानाला फार खटकतं. दुसरं, ही सगळी गीतं परदेशी चालींची झाली. मराठी चालीत आदराची गीतं घ्यायची तर कुठे बघावं?

गण_मात्रा

पहिल्या शंकेचं उत्तर मराठी छंदातच आहे. 'पवित्र' म्हणजे लघु-गुरु-लघु: 'प' एक मात्रा, पुढच्या जोडाक्षरामुळे 'वि' दोन मात्रा, 'त्र' एक मात्रा. बेरीज चार. चालीत पहिल्या दोन सुरांची लांबी प्रत्येकी एक ठोका. ठोक्याचे दोन भाग केले की चार भाग होतात. म्हणजे १-२-१ अशी वाटणी हुबेहूब बसते: 'प' अर्धा ठोका, 'वि' एक ठोका, 'त्र' अर्धा ठोका. तिसऱ्या 'पवित्र'ला सूर दुप्पट लांब आहेत, तिथे २-४-२. आणि डाइक्स यांची चाल इथे आपल्याला साथ देते, कारण तिन्ही शब्दांत दोन्ही सूर एकच आहेत: सा सा, ग ग, प प. मधलं अक्षर कुठे पडलं तरी चाल बिघडत नाही. 'त्र' लांबवायचा नाही, एवढं सांभाळा; लोक तो ओढून 'पवित्रा' करतात.

मूळ गीताच्या सगळ्या ओळी एकाच 'ई'च्या यमकात आहेत. तुमच्या मराठी शब्दांत कडव्याच्या ओळी दीर्घ स्वरावर संपत असतील तर लांब सूर मोकळा सुटतो. ओळ 'त' किंवा 'ल'सारख्या व्यंजनावर संपत असेल, तर ते व्यंजन अगदी शेवटच्या क्षणी, सगळ्यांनी मिळून, कॉयर चालवणाऱ्याच्या हाताच्या खुणेवर.

नवे शब्द रचणाऱ्यांसाठी एक सांगतो. 'सेंट डेनिओ'ची ओळ अकरा अक्षरांची, आणि तिचं चलन भुजंगप्रयात या वृत्ताच्या फार जवळ जाते. भुजंगप्रयातात ल-गु-गु चार वेळा, बारा अक्षरं. मनाच्या श्लोकांमुळे ते प्रत्येकाच्या जिभेवर असतं. लघु तिसऱ्या मात्रेवर, दोन गुरू पुढच्या खंडाच्या पहिल्या-दुसऱ्या मात्रेवर. ओळीचा शेवटचा सूर दोन मात्रांचा असतो, तो दोन भागांत तोडला की बारावं अक्षर बसलं. इंग्रजी वृत्तांच्या चालींत मराठी शब्द कोंबल्यासारखे वाटतात, ते बहुतेकदा लघू अक्षर समेवर आल्यामुळे. या चालीत तो त्रास होत नाही.

उलट मोठ्या अभंगाचे शब्द (६-६-६-४) कोणत्याही प्रचलित इंग्रजी चालीवर चढवू नका, ओळींची लांबीच जुळत नाही. छोटा अभंग, आठ-आठ अक्षरांचा, 'ओल्ड हंड्रेड्थ'सारख्या ८.८.८.८ च्या चालीवर मोजून बसतो, पण तिथेही आघात तपासून घ्या. ही चाल लुई बूर्झ्वा यांची मानतात, १५५१ च्या जिनिव्हा स्तोत्रसंग्रहातली.

दुसरी शंका महत्त्वाची आहे, आणि इथे वरच्या मित्रांहून माझं मत थोडं वेगळं आहे. आदराचं गीत पाश्चात्त्य चालीतच हवं असं मुळीच नाही. 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतपुस्तक उघडा आणि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची पदं आणि अभंग आधी चाळा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, पद, भजन यांची भाषा दिली. त्यांच्या गीतांत देवासमोर लहान होणं हा भाव सतत येतो. आपण शिष्य म्हणवून घ्यायलाही पात्र नाही, तरी देव जवळ घेतो, या अर्थाचं त्यांचं एक गीत निकोल मॅकनिकल यांच्या अनुवादातून इंग्रजी गीतपुस्तकांतही गेलं. तुमच्या पापांगीकाराला नेमका हाच भाव हवा.

टिळकांच्या आधीचे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) विसरू नका. त्यांच्या समर्पणाच्या गीताचं इंग्रजी आल्डन क्लार्क आणि इतरांनी केलं, आणि अमेरिकेतल्या गीतपुस्तकांत ते मूळ मराठी चालीसह छापलं गेलं. चालीचं नाव तिथे 'तन मन धन' असंच आहे. दानार्पणाला हे घ्या. इथे मात्र तबला हवाच, भजनी ठेका, पण मध्य लयीत आणि लग्गीशिवाय.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. तेव्हापासून इथल्या मंडळ्यांत परदेशी चाल आणि देशी चाल दोन्ही नांदत आल्या. एका उपासनेत दोन्ही ठेवा, पण एकाच गीतात दोन्हींची भेसळ नको.

मिरज_तंबोरा

मागच्या बाकांवरच्या बोलण्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

माइकवरून 'शांत राहा' सांगून शांतता येत नाही. उपासनेच्या पाच मिनिटं आधी तंबोरा सुरू करा. मिरजेचा खरा असला तर उत्तम, नाहीतर इलेक्ट्रॉनिक. पहिल्या गीताच्या पट्टीत, सा-प, आवाज इतका हळू की बोलणाऱ्यांना जाणवेल पण अडवणार नाही. वेळ झाली की तंबोरा एकदम बंद. पाच मिनिटं कानावर असलेला आवाज थांबला की माणूस आपोआप बोलायचा थांबतो आणि वर बघतो. त्या क्षणी पाळकसाहेब उभे असले पाहिजेत, पुस्तक शोधत नव्हे. दहापर्यंत मनात मोजावं, हबक्कूकची ओळ म्हणावी, पुन्हा दहा मोजावं, आणि पेटीवर टेरस्टेगनची शेवटची ओळ सुरू. या शांततेत घोषणा नको, खुर्च्या सरकवणं नको, दारातल्या स्वयंसेवकांनी उशिरा आलेल्यांना पहिल्या गीतापर्यंत मागेच थांबवावं.

'पिकार्डी'च्या वेळी तंबोरा लावू नका. खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो, तो शुद्ध असतो. चालीतला गंधार कोमल. दोन्ही एकत्र आले की कॉयरच्या तिसऱ्या सुराला घर राहत नाही, तो ना इकडचा ना तिकडचा होतो. तिथे पेटीवर नुसता सा धरा, तोही हलका.

पापांगीकारानंतर व्हिटियर यांचं गीत बघा. जॉन ग्रीनलीफ व्हिटियर (१८०७–१८९२) अमेरिकन क्वेकर, म्हणजे मूकपणे बसून उपासना करणाऱ्या पंथाचे. १८७२ मध्ये त्यांनी 'द ब्रूइंग ऑफ सोमा' ही दीर्घ कविता लिहिली. तिच्या आरंभी मॅक्स म्युलर यांच्या अनुवादातली वेदातली ओळ आहे, विषय सोमरस पिऊन येणाऱ्या उन्मादाचा. त्यावरून ते वळतात ख्रिस्ती लोकांच्याच उपासनेतल्या आरडाओरड्याकडे, आणि शेवटच्या सहा कडव्यांत देवाकडे क्षमा आणि शांती मागतात. ती कडवी म्हणजे 'डिअर लॉर्ड अँड फादर ऑफ मॅनकाइंड'. गॅरेट हॉर्डर यांनी १८८४ मध्ये ती गीत म्हणून छापली. अमेरिकेत फ्रेडरिक मेकर यांची १८८७ ची 'रेस्ट' ही चाल चालते. इंग्लंडमध्ये ह्युबर्ट पॅरी (१८४८–१९१८) यांची 'रेप्टन', मूळ १८८८ च्या 'ज्युडिथ' या त्यांच्या रचनेतली; रेप्टन शाळेचे संगीतशिक्षक जॉर्ज गिल्बर्ट स्टॉक्स यांनी १९२४ मध्ये ती या शब्दांना जोडली. 'रेप्टन'मध्ये शेवटची ओळ दोनदा येते. दुसऱ्यांदा आवाज कमी, लय तीच. आवाज कमी करताना लय सोडणं ही फार जुनी सवय आहे, त्यावर नजर ठेवा. शेवटचं कडवं १ राजे १९ मधल्या एलीयाच्या मंद वाणीचं. ते मोठ्याने गाऊन कसं चालेल?

आणि पत्र्याचं छत. त्रैक्य रविवार मेच्या उत्तरार्धात नाहीतर जूनमध्ये येतो, पाऊस धरून चला. पत्र्यावर सर आली की एकट्या गळ्याचं कडवं कोणालाच ऐकू जात नाही. 'पिकार्डी'चं पहिलं कडवं एकट्याने गाण्याचा बेत असेल, तर पाऊस आल्यास सगळ्या बायकांनी एकसुरात घ्यायचं, असं आधीच ठरवा. माइक तोंडाजवळ नेऊन आवाज वाढवू नका, त्यापेक्षा कॉयरला मंडळीच्या चार हात पुढे आणा.

खर्ज_नर_मादी

गण_मात्रा यांचं म्हणणं मान्य. पापांगीकाराला टिळक आणि क्षमावचनानंतर व्हिटियर, ही जोडी उत्तम जमेल.

लयीबद्दल कोणाला शंका असेल त्याने जॉन वेस्ली यांचे गाण्याविषयीचे सात नियम वाचावेत, १७६१ चे. पाचव्यात ते सांगतात, ओरडून दुसऱ्यांच्या वर आवाज काढू नका. सहाव्यात, लयीत गा, पुढे पळू नका, मागे राहू नका, आणि फार संथ तर मुळीच गाऊ नका, ती आळशी माणसाची सवय. सातवा नियम, प्रत्येक शब्द गाताना नजर देवाकडे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे तीन नियम मराठीत घालायला हरकत नाही.

छापण्याचा विषय निघालाच आहे तर: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हेबर, मोल्ट्री, ग्रँट, व्हिटियर सगळे खुले. व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये वारले, त्यांच्या मांडणीची मुदत २०१८ अखेर संपली. मराठी अनुवादकाचे हक्क वेगळे, ते तपासा. डेव्हिड इव्हान्स यांचं 'बी स्टिल, फॉर द प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड' याच विषयावरचं सुंदर गीत आहे, पण १९८६ चं. परवानगीशिवाय पुस्तिकेत घालू नका.

बावडा_कॉयर

क्रम असा ठरवलाय: तंबोरा, मौन, हबक्कूक, टेरस्टेगन, टिळकांचा अभंग आणि पापांगीकार, क्षमावचन, व्हिटियर, यशया आणि प्रकटीकरण वाचून 'पवित्र, पवित्र, पवित्र', संदेश, दानार्पणाला सांगळे, प्रभुभोजनाला 'पिकार्डी', आशीर्वादानंतर ग्रँट. सात गीतं जास्त होतात का? तालमीला चार शुक्रवार आहेत.

ठेका_दादरा, राजारामपुरी

सांगळे आणि टिळकांची दोन गीतं मंडळीला येत असतील, तर नवीन पाचच, आणि त्यातलं 'नायसिया' सगळ्यांच्या कानावर आहे. वेळ वाचवायचा तर व्हिटियर यांची सहाऐवजी चार कडवी घ्या, पण शेवटचं गाळू नका.

पहिल्या शुक्रवारी टेरस्टेगन आणि 'पिकार्डी'ची नुसती चाल, शब्दांशिवाय, 'आ'कारात. दुसऱ्या शुक्रवारी शब्द, पेटी बंद ठेवून, फक्त टाळीवर. 'पवित्र'ची १-२-१ वाटणी याच दिवशी पक्की करा. तिसऱ्याला वाद्यं आणि 'हॅनोव्हर'ची उचल. चौथ्याला सभागृहातच, सगळा क्रम सलग, मौनासकट. मौनाचीही तालीम लागते, नाहीतर ऐन वेळी पेटीवाला घाबरून लवकर सूर धरतो. आणि रविवारच्या आदल्या संध्याकाळी पेटी उघडून प्रत्येक पट्टी दाबून बघा. दमट हवेने फुगलेली एखादी पट्टी दाबल्यावर वर येत नसेल, तर तो सूर मौनातही वाजत राहील.